मुरलेली की उतरलेली?

मागच्या एपिसोडमध्ये गप्पांच्या ओघात मी एक वाक्य बोलून गेलो: "नाशिकची रेड घरात ठेवायची नसते. ती मुरत नाही, उतरते." पुढे विषय बदलला. एडिटिंगला बसल्यावर तेच वाक्य पुन्हा ऐकलं आणि खटकलं. लॅबमध्ये एखाद्या ज्युनिअरनं एकाच नमुन्यावरून असा निष्कर्ष काढला असता तर मीच त्याला परत पाठवला असता. वाक्य कापून टाकणं सोपं होतं. पण असली वाक्यं आपण परदेशात बसून घरच्या गोष्टींबद्दल फार सहज बोलतो, आणि ऐकणारेही माना डोलावतात. म्हणून ते ठेवलं, आणि आता त्याची जाहीर तपासणी करतोय.

वाक्यामागे एक बाटली होती. मला इथं पीएचडीला ॲडमिशन मिळाली त्या वर्षी बाबा नाशिकजवळच्या एका वाइनरीत गेले होते आणि तिथली त्यातल्या त्यात महागडी रेड घेऊन आले. लेबलवर बॉलपेननं तारीख घातली. "चांगल्या प्रसंगाला उघडू." मग ती चार वर्षं हॉलमधल्या शोकेसमध्ये उभी राहिली, माझ्या वक्तृत्वाच्या ढालींच्या शेजारी. नंतर बाबा इकडे आले तेव्हा दोन टॉवेलांत गुंडाळून तिला वॉटर्लूला आणलं. इथं ती आणखी दोन वर्षं माझ्या अपार्टमेंटमध्ये फ्रिजच्या डोक्यावर होती. गेल्या दिवाळीच्या आधी थिसिस डिफेन्ड झाला. प्रसंग आला.

आठ-दहा जण होतो. बूच काढताना अर्धं तुटून आत राहिलं, उरलेलं भुग्यासारखं निघालं. ग्लासात रंग आला तो चिंचेच्या कोळाचा. वासाला काळ्या मनुका, थोडा सोया सॉस, थोडं बंद कपाट. घोटात फळ असं काही नव्हतंच, नुसता आंबट-कडवट शेवट. दोन सेकंद कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाला, "अरे, इंडियन रेड आहे, एवढंच असणार." दुसरा गाडीत जाऊन एक बाटली घेऊन आला. नायगराची काबर्ने फ्रां, जवळपास तेवढ्याच वर्षांची, त्याच्या बेसमेंटमध्ये आडवी पडलेली. झाकण कर्रकन फिरवलं, ओतली. वाइन ताजी, लालभडक, तजेलदार. "बघ." चर्चा संपली. चकलीची परात फिरली.

मी व्यवसायानं काय करतो, तर पॅकेजिंगच्या पातळ थरांतून ऑक्सिजन किती झिरपतो ते मोजतो. त्या रात्री मलाही कळायला हवं होतं की टेबलावर तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या: द्राक्ष कुठं पिकलं, बाटलीच्या तोंडाला काय लावलं होतं, आणि बाटली सहा वर्षं कुठं राहिली. निकाल मात्र फक्त पहिल्या गोष्टीवर लागला. आणि तो मी दोन महिन्यांनी माइकसमोर पुन्हा वाचून दाखवला.

मराठीत आधीच असलेले शब्द

वाइनबद्दल बोलताना आपण लगेच इंग्रजीत जातो, पण जुनी होण्याबद्दल मराठीत शब्दांची ददात नाही. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, आंबा पिकतो, आमटी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. दुसऱ्या बाजूला भाजी उतरते, दूध नासतं, तेल खवट होतं, पीठ कुबट लागतं, भात शिळा होतो. एकच वेळ, पण पदार्थ आणि भांडं बदललं की क्रियापद बदलतं. कुणीही आजी सांगेल की लोणचं मुरलं की बिघडलं, हे कैरीइतकंच बरणीवरही अवलंबून असतं.

रेड वाइन मुरते म्हणजे बाटलीत काय होतं? द्राक्षाच्या सालीतून दोन गोष्टी आलेल्या असतात: रंग देणारी अँथोसायनिन्स आणि जीभ आवळणारी टॅनिन्स, कच्च्या सुपारीनं तोंड होतं तशी. काळानुसार ही रेणूमंडळी एकमेकांना धरून मोठ्या साखळ्या करतात. रंग जांभळट लालवरून विटकरी होतो, तळाला गाळ बसतो, तुरटपणाची धार कमी होते. ताज्या फळाचे वास मागे पडतात आणि सुकं फळ, चामडं, तंबाखू, ओली माती असे वास पुढे येतात. या सगळ्यात ऑक्सिजनचा हात असतो, पण अगदी चिमटीत. जास्त झाला की हीच प्रक्रिया भरधाव जाते. रंग तपकिरी होतो, फळ जातं, आणि शेवटी माझ्या ग्लासात होतं ते उरतं.

चिमूट किती, हे ठरवायला दोन पहारेकरी असतात. एक वाइनच्या आत: सल्फर डायऑक्साइड, जे ऑक्सिजनच्या उपद्व्यापाला आवर घालता घालता स्वतः संपत जातं. दुसरा वाइनच्या बाहेर: झाकण.

बाबांचा विनोद

बाटलीचं काय झालं हे बाबांना सांगावं की नाही, यात माझे तीन दिवस गेले. शेवटी फोनवर सांगून टाकलं.

"बाबा, ती बाटली उघडली."

"कशी होती?"

"उतरली होती."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "लोणच्यासारखं वरून तेल ओतायला पाहिजे होतं."

मी हसलो. नंतर वाचताना कळलं की विनोद विनोद नव्हताच. इटलीत, विशेषतः तस्कनीत, गवती वेष्टणाच्या गोल पोटाच्या बाटल्यांमध्ये, म्हणजे फियास्कोंमध्ये, बूच सर्रास वापरात येण्याआधी वाइनवर ऑलिव्ह तेलाचा पातळ थर सोडत असत. हवा आणि वाइन यांच्यामध्ये तेल. पिताना ते वरचं तेल आधी टिपून काढायचं. आपल्या बरणीत वर तरंगणारं बोटभर तेल आणि तोंडाला बांधलेला दादरा हेच काम करतात: तेल हवा अडवतं, दादरा धूळ आणि माश्या. झाकणाचं सगळं शास्त्र या दोन थरांत आलं. काय अडवायचं आणि काय थोडं जाऊ द्यायचं, एवढाच प्रश्न आहे.

बुचानं हा प्रश्न जवळपास तीनशे वर्षं सोडवला. बूच म्हणजे कॉर्क ओकची साल. जगातलं जवळपास निम्मं बूच पोर्तुगालमधून येतं. झाड पंचविसेक वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा साल काढतात, पुढे साधारण दर नऊ वर्षांनी, आणि पहिल्या दोन खेपांची साल बाटलीच्या बुचासाठी चालत नाही. म्हणजे आज लावलेल्या झाडाचं बूच आपल्या मुलांच्या बाटल्यांना लागेल. साधारण 24 मिलिमीटर जाडीचं हे बूच 18-19 मिलिमीटरच्या गळ्यात दाबून बसवतात आणि ते आतून रेटा देत बसतं. त्याच्या सूक्ष्म पेशींमध्ये हवा असते. ही अडकलेली हवा पहिल्या काही महिन्यांत वाइनमध्ये उतरते, आणि नंतरचं झिरपणं अगदी मंद होतं. माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर फार सुंदर पदार्थ आहे. फक्त एक अडचण आहे: दोन बुचं सारखी नसतात. एकाच खोक्यातल्या बारा बाटल्या दहा वर्षांनी उघडल्या तर बारा वेगळ्या वाइन निघू शकतात.

दुसरी अडचण वासाची. ओल्या पुठ्ठ्यासारखा, पावसाळ्यात न वाळलेल्या गोधडीसारखा कुबट वास देणारा ट्रायक्लोरोॲनिसोल नावाचा रेणू 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला स्विस संशोधकांनी ओळखला. क्लोरीनयुक्त संयुगांवर बुरशीनं काम केलं की तो तयार होतो, आणि लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढा असला तरी नाकाला कळतो. बुचं क्लोरीननं धुवायची पद्धत त्यानंतर बंद पडत गेली. आता बुचाचा भुगा करून, उच्च दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडनं तो धुऊन, पुन्हा बांधून केलेली बुचंही मिळतात. माझ्या बाटलीचा दोष मात्र हा नव्हता. ती कुबट नव्हती, थकलेली होती.

फिरकीचं झाकण आणि त्याची बदनामी

फिरवून उघडायचं झाकण वाइनसाठी फ्रान्समध्ये तयार झालं आणि ऑस्ट्रेलियात यलुम्बासारख्या वाइनरीनं 1970 च्या दशकात ते वापरून पाहिलं. लोकांनी नाक मुरडलं, प्रयोग मागे पडला. 2000 साली क्लेअर व्हॅलीच्या रीझलिंग करणाऱ्यांनी एकत्र येऊन ते पुन्हा आणलं, पाठोपाठ न्यूझीलंड आलं. मधल्या काळात ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटनं एक नीटनेटका प्रयोग सुरू केला होता: 1999 ची एकच सेमियों वाइन, चौदा प्रकारची झाकणं. फळ आणि सल्फर डायऑक्साइड सगळ्यात जास्त टिकलं ते फिरकीच्या झाकणाखाली. कृत्रिम बुचांखाली वाइन लवकर तपकिरी झाली. नैसर्गिक बुचाखाली बाटलीगणिक फरक पडला.

हा प्रयोग व्हाइट वाइनवरचा आहे, हे विसरता कामा नये. रेडला थोडा ऑक्सिजन पचतो, कदाचित हवाही असतो. शिवाय फिरकीच्या झाकणाखाली उलटा दोष येऊ शकतो. हवा फारच कमी मिळाली तर गंधकाचे वास साठतात: विझलेली काडी, रबर, किंवा काळं मीठ घातलेल्या जलजिऱ्याची आठवण. ग्लासात जरा फिरवलं, हवा लागू दिली तर पुष्कळदा जातात. आणि सगळी फिरकीची झाकणं एकसारखी नसतात. वरचं ॲल्युमिनियम फक्त कवच. खरं काम आतल्या चकतीचं. कथिलाचा थर असलेली चकती ऑक्सिजन जवळपास अडवते, कथिल नसलेली थोडा जाऊ देते. वाइन करणारा निवड करतो ती या चकतीची. आपण ग्राहक मात्र वरून बघून म्हणतो, "अरे, ही तर क्वार्टरसारखी उघडते!"

रेडच्या बाबतीतही कुणी हिंमत केली नाही असं नाही. कॅलिफोर्नियाच्या नापा व्हॅलीत प्लम्पजॅक वाइनरीनं आपल्या 1997 च्या रिझर्व्ह काबर्नेच्या निम्म्या बाटल्या बुचानं आणि निम्म्या फिरकीच्या झाकणानं बंद केल्या, आणि फिरकीच्या बाटलीची किंमत जास्त ठेवली. झाकण आणि प्रतिष्ठा यांची गाठ सोडवायचा हा सरळ मार्ग होता: एकच वाइन, दोन झाकणं, ठेवा आणि स्वतः बघा. आमच्या दिवाळीच्या टेबलावर नेमकं हेच झालं नव्हतं.

नाशिक: द्राक्षात काय, रस्त्यात काय

आता द्राक्षाकडे. नाशिकच्या द्राक्षाला पूर्ण निर्दोष सोडावं असं माझं म्हणणं नाही.

युरोपात किंवा नायगरात द्राक्षं पिकतात ती उन्हाळा उतरताना, थंडीकडे जाताना. नाशिकला उलट. एप्रिलची खरड छाटणी, पावसानंतरची गोडी छाटणी, आणि तोडणी जानेवारीअखेर ते मार्च. म्हणजे घड भरतात थंडीत, पण शेवटचे आठवडे दिवस तापत जातात. सहाशे मीटरच्या आसपासची उंची आणि थंड रात्री मदत करतात, तरी उन्हात आंबटपणा लवकर घसरतो आणि पीएच वर जातो. इथं आतल्या पहारेकऱ्याची अडचण होते. सल्फर डायऑक्साइडचं जे रूप जंतूंना रोखतं, त्याचं प्रमाण पीएच फक्त 0.3 नं वाढला की निम्म्यावर येतं. म्हणून उष्ण प्रदेशातले वाइनमेकर टार्टरिक आम्ल घालतात, तोडणी पहाटे करतात, लवकर करतात. ही मर्यादा खरी आहे. नायगराच्या माणसांची कटकट बरोबर उलटी: त्यांच्याकडे आंबटपणा भरपूर, ऊनच अपुरं. थंड वर्षी काबर्ने सोव्हिन्यों नीट पिकतच नाही, म्हणून लवकर पिकणाऱ्या काबर्ने फ्रांवर भिस्त.

पण द्राक्षाची मर्यादा सांगून झाली की रस्ता सुरू होतो, आणि त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. नाशिकचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो. ट्रक, गोदाम, बिनएसीचं दुकान, मग शोकेस. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा प्रक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो. तेरा अंशांच्या तळघरातली आणि तेहतीस अंशांच्या हॉलमधली बाटली यांच्या वयात या हिशेबानं चौपट फरक पडतो. शिवाय उष्णतेनं होणारं म्हातारपण वेगळ्याच चवीचं, शिजवलेलं असतं.

बुचाच्या बाटलीला आणखी एक धोका आहे. वीस अंशांवरून चाळीसवर गेली की 750 मिलिलीटर वाइन साधारण पाच मिलिलीटर फुगते, म्हणजे एक चहाचा चमचा. बुचाखाली मोकळी जागा जेमतेम तेवढीच असते. वाइन बुचाला वर रेटते, रात्री निवली की आकसते आणि बाहेरची हवा आत ओढू पाहते. उन्हाळ्यात रोज दिवसा-रात्री असा एक छोटा पंप चालतो. त्यात बाटली उभी ठेवलेली, म्हणजे बुचाला आतून ओल नाही. आमच्या शोकेसमध्ये चार उन्हाळे हे चाललं होतं. वॉटर्लूत आल्यावर फ्रिजच्या डोक्यावर, कॉम्प्रेसरची ऊब आणि हिवाळ्यात हीटरची कोरडी हवा. तुटलेल्या बुचाचं कोडं इथं सुटतं.

हे लक्षात घेतलं तर सुलासारख्या मोठ्या वाइनरीनं आपल्या बहुतेक वाइनना फिरकीचं झाकण लावलं, याकडे वेगळ्या नजरेनं बघता येतं. सुलाची पहिली लागवड 1997 च्या सुमाराची, पहिली वाइन 2000 ची. महाराष्ट्राचं द्राक्षप्रक्रिया धोरण 2001 चं, त्यानंतर विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आले. म्हणजे हा सगळा उद्योग आपल्यातल्या बऱ्याच जणांच्याच वयाचा. त्यानं ओळखलं की बाटलीला तळघर मिळणार नाही, ओपनर तर अर्ध्या घरांत नसेलच. झाकण त्या रस्त्यासाठी निवडलेलं आहे. ते बघून "स्वस्तातलं" म्हणणारा माणूस रस्ता बघत नाही.

पण मग टीकेचा दुसरा भाग उद्योगावरच येतो. साधारण चाल अशी की रोजच्या वाइनला फिरकी आणि 'रिझर्व्ह' म्हणवणाऱ्या, जड बाटलीतल्या, भेट देण्याच्या वाइनला बूच. अकलूजच्या फ्रातेल्लीची सेत्ते घ्या. सांजोव्हेझे आणि काबर्ने सोव्हिन्योंचं मिश्रण, इटालियन वाइनमेकरचा हात, ओकमध्ये ठेवलेली, मुरावी अशाच हेतूनं केलेली. तिला बूच आहे, आणि त्यामागचा विचार मला पटू शकतो: हळू, थोडी हवा, काही वर्षं. फक्त हा विचार ज्या थंड, अंधाऱ्या, आडव्या फळीवर उभा आहे ती फळी आपल्या घरांत नाही. जी बाटली सगळ्यात जास्त वेळ जपली जाणार, तिलाच उष्णतेपुढे सगळ्यात हळवं झाकण. हे कोड्यात टाकणारं आहे. बूच ठेवायचं तर ठेवा, पण मागच्या लेबलवर दोन ओळी हव्यात: किती अंशांत ठेवा, कोणत्या वर्षापर्यंत प्या. आणि दरवर्षी काही खोकी बाजूला काढून दहा वर्षांनी लोकांसमोर उघडा, बूच आणि फिरकी शेजारी शेजारी. 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे. मानांकन जागेचं असतं. ती जागा काळात कशी वागते हे दाखवल्याशिवाय ते पुरं होत नाही.

समीक्षकांनाही एक विनंती आहे. भारतीय रेडवरचं बहुतेक लिखाण वाइनरीच्या टेरेसवर, थंड बाटलीतून, मालकाच्या शेजारी बसून झालेलं असतं. तिथं वाइन छान लागणारच. मग तीच बाटली कुणी दोन वर्षांनी आपल्या घरात उघडतो आणि त्याला वाटतं, समीक्षक खोटं बोलला किंवा वाइन खोटी आहे. टिपणात दोनच गोष्टी वाढवा: बाटली कुठून आली आणि तिला काय लावलं होतं. वाचकाच्या हातात काहीतरी लागेल.

वॉटर्लूची पिंपं

बाबांनी बाटली शोकेसमध्ये उभी का ठेवली? कारण त्यांना माहीत असलेली बाटली व्हिस्कीची होती. आणि इथं आपल्या गावाचा संबंध येतो.

लहानपणी क्रिकेटच्या मध्ये 'सीग्राम्स' हे नाव ऐकलंय ना? दारूची जाहिरात चालत नाही म्हणून म्युझिक सीडीच्या आडून येणारं? ते नाव वॉटर्लूचं आहे. 1857 साली इथं सुरू झालेल्या डिस्टिलरीची पूर्ण मालकी 1883 मध्ये जोसेफ सीग्रामकडे आली, 1928 मध्ये ब्रॉन्फमन कुटुंबानं ती घेतली, 1992 मध्ये इथला कारखाना बंद झाला. जुन्या पिंपांच्या गोदामांत आता लॉफ्ट अपार्टमेंट्स आहेत. शेजारच्या बागेचं नावच बॅरल वेअरहाउस पार्क. आपल्यापैकी किती जण रोज तिथून जात असतील.

व्हिस्की मुरते ती पिंपात. बाटलीत गेली की तिचं वय थांबतं. बारा वर्षांची व्हिस्की शोकेसमध्ये वीस वर्षं ठेवली तरी बारा वर्षांचीच. आपल्या आधीच्या पिढीनं बाटली म्हणजे हीच समजूत धरली: बंद आहे तोवर आहे तशी आहे. वाइनची बाटली मात्र बंद असतानाही चालू असते. बाबांचं चुकलं नाही. त्यांनी व्हिस्कीचा नियम वाइनला लावला आणि दुकानात, लेबलवर, कुठंही कुणी त्यांना सांगितलं नाही.

यात आपली जपून ठेवायची सवयही आहेच. लग्नातली पैठणी, पाहुण्यांचे कप, परदेशातून आलेला परफ्यूम. चांगल्या प्रसंगाची वाट बघत वस्तू कपाटात म्हातारी होते. ही सवय मला हसण्यासारखी वाटत नाही. बाटलीवर बॉलपेननं तारीख घालणारा माणूस सहा वर्षं पुढचं बघत होता. पण 'जास्त ठेवली म्हणजे जास्त चांगली' ही कसोटी बोर्दोच्या मूठभर तळघरांतून आलेली आहे. जगातली बहुतेक वाइन, फ्रान्समधलीसुद्धा, दोन-तीन वर्षांत प्यायली जाते आणि त्यासाठीच केलेली असते. नाशिकची शिराझ तिच्या तिसऱ्या वर्षी मोकळी, मसालेदार, फळानं भरलेली असेल तर तिला पंधराव्या वर्षाच्या परीक्षेला बसवण्यात काय मिळतं? काही बाटल्या त्या परीक्षेतही पास होतील. पण ते कळण्यासाठी आधी त्यांना नीट ठेवावं लागेल.

तर माझं वाक्य दुरुस्त करून असं: नाशिकची रेड शोकेसमध्ये उभी ठेवायची नसते. नायगराचीही नसते. बोर्दोची तर नसतेच.

घरून कुणी येणार असेल तर कॅनडात प्रौढ माणसाला दीड लिटर वाइन ड्युटीशिवाय आणता येते, म्हणजे नेहमीच्या दोन बाटल्या. ताज्या वर्षाच्या सांगा, दुकानाच्या खिडकीतल्या नकोत. आल्यावर बेसमेंट असेल तर तिथं, नसेल तर पलंगाखाली, हीटरपासून लांब, आडव्या. फिरकीची असेल तर उभी-आडवी कशीही चालेल, थंडावा मात्र हवाच. आणि खरोखर कुतूहल असेल तर एकाच वाइनच्या दोन घ्या: एक लगेच उघडा, दुसरी दोन वर्षांनी, आणि दोन्ही वेळा चार ओळी लिहून ठेवा.

बाबा पुढच्या उन्हाळ्यात येतायत. परवा फोनवर म्हणाले, "यावेळी फिरकीची घेतलीय. दुकानदार म्हणाला मागच्याच वर्षीची आहे. तारीख घालू का?"

"घाला ना."

"आणि उघडायची कधी?"

"तुम्ही आलात की त्याच रात्री."

"प्रसंग काय?"

मी म्हटलं, तुम्ही येताय की. ते म्हणाले, हा काय प्रसंग आहे! पण मग दुसरीही घेऊ का, असं त्यांनीच विचारलं. ती आम्ही ठेवणार आहोत. पलंगाखाली.